किल्ली माझ्याकडेच आहे

रत्नागिरी जिल्हा,
ता. 11 जानेवारी 2026

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर म्हणालास, "जनगणना येतेय, माझं नाव गावातच लाव." तेव्हा हसून सोडलं, पण रात्री झोप लागेना. फोनवर हे नीट बोलता येणार नाही, आणि चाळीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला पत्राचीच खोड.

अरे, मी कोण लावणारा? मोजणीच्या वेळी जो जिथे राहतो, तिथे त्याचं नाव. माणसं मोजणार 2027 च्या फेब्रुवारीत. होळी त्यानंतर तीनेक आठवड्यांनी. पालखी नाचेल तेव्हा वाडीत पाय ठेवायला जागा नसेल, पण मोजणीवाले येतील तेव्हा तुझ्या दाराला कुलूप. मागच्या खेपेला तेच झालं. 2001 ला जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 ला 16,15,069. दहा वर्षांत ऐंशी हजारांवर माणूस कमी! सिंधुदुर्गातही घटला. अख्खा महाराष्ट्र वाढत होता आणि आपण आटत होतो.

यात मला खटकतो तो बायकांचा आकडा. राज्यात हजार पुरुषांमागे 929 बायका, आपल्याकडे 1122. लोक कौतुकाने सांगतात. कौतुक कसलं? बाप्ये मुंबईला, म्हणून बायका जास्त. पण 2001 ला हाच आकडा 1136 होता, म्हणजे आता बायकाही निघाल्या. तुझे आबा गिरणीत गेले तेव्हा काकू भात लावायला, म्हातारी सांभाळायला मागे राहिल्या. तुझ्या लग्नानंतर वहिनी सहा महिन्यांत डोंबिवलीला. दोष देत नाही, मीही तेच केलं असतं. आता तर मुलीचा बाप आधी विचारतो, "मुंबईत खोली आहे का?" वाडीतली तीन पोरं त्या एका प्रश्नावर अडून बसलीत.

मी टपालात लागलो ते संपाच्या आधी. 1982 च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि पिशवी हलकी झाली. तुमच्या पडवीत काकू उभ्या राहायच्या, विचारायच्या काही नाहीत, नुसत्या पिशवीकडे बघायच्या. संपाआधी मनीऑर्डर आली की निळ्या शाईत अंगठा बुडवायच्या आणि म्हणायच्या, "खालचं वाच रे." पैशांपेक्षा फॉर्मखालच्या निरोपाच्या पट्टीवरच्या दोन ओळींची घाई. कमिशन भरून आबा लिहायचे, "पाऊस कसा आहे?"

अंगठा अजून आहे, शाई गेली. श्रावणबाळचे दीड हजार खात्यात येतात, ते काढायला यंत्रावर बोट. शेजारच्या आक्काचं बोट लागतच नाही. जन्मभर शेण, राख, चिखल यांत रेषा झिजल्या. पदराला पुसते, केसांतून फिरवते, पुन्हा ठेवते, यंत्र पुन्हा नाही म्हणतं. शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. हे पैसे आणि लाडक्या बहिणीचे, यांवर निम्म्या चुली पेटतात. शेतीचं विचारू नकोस. खालचा मळा सगळा पड. एकट्याने भात लावला तर डुक्कर आणि वानर खाऊन जातात, सगळ्यांनी लावायचा तर सगळे आहेत कुठे?

आणि गंमत ऐक. वरच्या आंब्याच्या बागेत नेपाळी कुटुंब आहे. राखण, फवारणी, काढणी, सगळं तेच बघतात. कलमांना मोहोर आलाय, मालक ठाण्यात. त्यांची दोन पोरं आपल्या शाळेत आहेत, म्हणून पट दोन आकडी तरी दिसतो. धाकटी मालवणी इतकी फाडफाड बोलते की आक्का तिलाच पाढे म्हणायला लावते. फेब्रुवारीत ती पोर बागेतच असेल, तेव्हा मोजणीत तिचं नाव वाडीत लागेल, तुझं डोंबिवलीत. राग मानू नकोस, पण मला ते बरोबर वाटतं. पावसात ओढ्यावरचा साकव वाहून गेला तर शाळेला मुकणार ती, तू नाहीस.

तरी तुझं घर मी मोडू देणार नाही. वानरांनी मागच्या पाख्यावरची कौलं फोडलीत, देव्हाऱ्यावर पाणी गळेल. शाकारायला माणूस मिळतो, पण तो मे महिन्याच्या आधी धरावा लागतो. पैसे पाठवू नकोस, स्वतः ये आणि चार दिवस राहा. कौलं किती लागतील ते मी मोजून ठेवतो.

तुझा,
पोस्त्या