माझ्या साधनेमागची पुस्तके

कोल्हापूर,
कार्तिक वद्य

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

मागच्या आठवड्यात फोनवर तुम्ही दोघांनी मला एकच प्रश्न विचारलात, पण त्यामागच्या काळज्या वेगवेगळ्या होत्या. मी ‘विचक्राफ्ट’ नावाचे काहीतरी करते, असे नात्यातल्या कोणीतरी तुमच्या कानावर घातले होते. आईला करणी-भानामतीची धास्ती वाटली. बाबांना वाईट वाटले ते वेगळ्याच कारणाने; ज्या घरच्या कपाटात दाभोलकरांचे ‘भ्रम आणि निरास’ हाताशी ठेवलेले असते, त्या घरातली मुलगी जादूटोण्याच्या वाटेला कशी गेली, हे त्यांना उमगेना. बाबा, शेवटी तुम्ही म्हणालात, “कोणती पुस्तके वाचून हे आले, ते तरी सविस्तर लिहून कळव.” तुम्ही हे विचारलेत याबद्दल मी तुमची मनापासून ऋणी आहे, कारण हे सगळे खरोखरच पुस्तकांतून आले आहे. मला कोणी गुरू नाही, मी कोणत्या पंथात नाही आणि कोणाकडून दीक्षाही घेतलेली नाही.

आईसाठी एक गोष्ट आधीच स्पष्ट लिहिते. मी कोणावर काही करत नाही, कोणाचे काही उतरवत नाही, कोणाला औषध सांगत नाही आणि कोणाकडून एक रुपयाही घेत नाही. आजारी पडले तर मी डॉक्टरकडेच जाते.

पुण्याला नोकरीत असताना जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला स्कॉट कनिंगहॅम या अमेरिकन लेखकाचे ‘विक्का’ हे १९८८ साली निघालेले पुस्तक मिळाले. विक्का म्हणजे निसर्गाची आणि देवीची उपासना करणारा एक पाश्चात्त्य मार्ग; त्यालाच विचक्राफ्टही म्हणतात. या पुस्तकाआधी या मार्गात येणाऱ्याने एखाद्या मंडळात प्रवेश घ्यावा, तिथल्या जुन्या साधकांकडून दीक्षा घ्यावी आणि तिथले विधी गुप्त ठेवावेत, अशीच सर्वसाधारण रीत होती. कनिंगहॅमने मात्र हे पुस्तक एकट्या माणसासाठी लिहिले. चंद्राच्या कला पाहाव्यात, ऋतूंची दखल घ्यावी, दिवा लावून शांत बसावे, आणि यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. वयाच्या ३६व्या वर्षी, १९९३ साली, तो वारला. त्याचे पुस्तक फार खोल नाही, हे मला आता कळते. तरीही ऐन एकटेपणाच्या काळात ते हाती आले, म्हणून त्याच्याविषयी माझ्या मनात कृतज्ञता आहे.

तिथून मी मागे मागे वाचत गेले. बाबा, तुम्हाला यातला कायद्याचा भाग आवडेल. इंग्लंडमध्ये १७३५ साली झालेल्या कायद्याने चेटूक खरे असते, ही समजूतच बाजूला सारली आणि आपल्या अंगी अशी शक्ती आहे असे भासवून लोकांना फसवणाऱ्यांना शिक्षा ठरवली. हा कायदा १९५१ साली रद्द झाला आणि त्याच्या जागी फसवणुकीपुरता वेगळा कायदा आला. त्यानंतर १९५४ साली जेराल्ड गार्डनर या गृहस्थाने ‘विचक्राफ्ट टुडे’ प्रसिद्ध केले. मलायातल्या जकात खात्यात त्याची नोकरी झाली होती आणि निवृत्तीनंतर तो इंग्लंडला परतला होता. एक अतिप्राचीन निसर्गधर्म गुप्तपणे टिकून राहिला असून आपल्याला त्यात प्रवेश मिळाला आहे, असा त्याचा दावा होता. पुस्तकाला प्रस्तावना मार्गारेट मरे या इजिप्तच्या अभ्यासक बाईंची होती. युरोपात चेटकिणी म्हणून मारल्या गेलेल्या बायका प्रत्यक्षात एका जुन्या धर्माच्या उपासक होत्या, हा सिद्धान्त याच बाईंनी १९२१ साली मांडला होता.

हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा भारावून गेले. हजारो वर्षे दडपलेली देवी आणि तिच्यासाठी जळून गेलेल्या लाखो बायका, अशी ती कथा होती. त्यानंतर रोनाल्ड हटन या इतिहासकाराचे १९९९ सालचे ‘द ट्रायम्फ ऑफ द मून’ माझ्या हाती आले आणि त्या कथेचा बहुतेक भाग उरला नाही. त्यांनी अतिशय आदराने आणि प्रत्येक कागद तपासून दाखवून दिले, की हा धर्म विसाव्या शतकातला आहे. त्यात कवींची कल्पनाशक्ती आहे, गुप्त मंडळांचे विधी आहेत, लोकसाहित्याच्या अभ्यासकांचे अंदाज आहेत आणि गार्डनरची स्वतःची जुळवाजुळवही आहे. त्याही आधी, १९७५ साली, नॉर्मन कोन यांनी मरेबाईंनी वापरलेली कागदपत्रे मुळाशी ताडून पाहिली होती. कबुलीजबाबांतले हवेत उडण्याचे आणि रूप पालटण्याचे अशक्य तपशील गाळून बाईंनी उरलेले तेवढेच पुरावा म्हणून मांडले होते, हे त्यांनी उघड केले. नव्वद लाख बायका जाळल्या, हा जो आकडा पुन्हापुन्हा सांगितला जातो, तो अठराव्या शतकातल्या एका जर्मन माणसाच्या चुकीच्या गुणाकारातून आला आहे. आजचे अभ्यासक साधारण चाळीस ते पन्नास हजार हा आकडा मानतात, आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. त्यांतल्या बहुतेक जणी कोणत्याही गुप्त धर्माच्या नव्हत्या. त्या शेजाऱ्यांच्या संशयाला बळी पडलेल्या साध्या माणसांपैकी होत्या, आणि त्यामुळे मला ते अधिकच भयंकर वाटते.

हटन वाचल्यावरही मी दिवा लावणे सोडले नाही. एखादी उपासना शंभर वर्षांचीही नसली म्हणून ती खोटी ठरत नाही, पण ती पाच हजार वर्षांची आहे असे सांगत राहणे मात्र खोटे ठरते. जो मार्ग स्वतःचा इतिहास तपासू देत नाही त्यावर मी चालणार नाही, हे तेव्हाच ठरले, आणि बाबा, ही सवय मी तुमच्याकडूनच घेतलेली आहे. तुकोबांचा ‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती’ हा चरण तुम्ही आम्हा भावंडांना पाढ्यांसारखा पाठ करून घेतला होता.

स्टारहॉक या नावाने लिहिणाऱ्या अमेरिकन बाईंचे ‘द स्पायरल डान्स’ हे १९७९ सालचे पुस्तक मी यानंतर वाचले, पण माझ्या कामी अधिक आले ते त्यांचे १९८२चे ‘ड्रीमिंग द डार्क’. दुसऱ्यावर गाजवायची सत्ता आणि स्वतःच्या आतून उगवणारे बळ हा भेद त्यांनी त्यात मांडला आहे. त्या कसोटीवर मी प्रत्येक विधी घासून पाहते. आजीच्या शेवटच्या दुखण्यात ज्या देवरुष्याने घरात भीती घालून कोंबडे, नारळ आणि पैसे नेले, त्याचा सगळा व्यवहार पहिल्या प्रकारचा होता. आई, तू मात्र त्याच दिवसांत रोज पहाटे तुळशीपाशी दोन मिनिटे उभी राहून मग आजीचे करायला जायचीस, आणि त्या दोन मिनिटांतून तुला जे मिळत होते ते दुसऱ्या प्रकारचे होते.

इथेच नावाविषयी लिहिते, कारण तुम्हाला खटकले ते नावच. मी स्वतःला चारचौघांत विच म्हणवून घेत नाही. सातपुड्यात, नंदुरबारकडे, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले आहे. त्या बायकांना जे नाव जिवावर बेतते, ते कोल्हापुरात सुरक्षित बसून अलंकारासारखे मिरवणे मला मान्य नाही. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. कोणालाही करणी करणारा ठरवून छळणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि घरातली निरुपद्रवी पूजा-उपासना त्यातून वगळलेली आहे. मी तो कायदा पूर्ण वाचला आहे आणि त्याच्या बाजूने उभी आहे. फेब्रुवारी २०१५मध्ये पानसरे अण्णांवर याच गावात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या दिवसांत तुम्ही किती अस्वस्थ होतात हे मी पाहिले आहे. त्यांच्या गावात राहून मी भोंदूगिरीच्या बाजूला जाईन, असे मनातही आणू नका.

आता ज्या पुस्तकांनी मला परदेशातून घरी आणले त्यांच्याविषयी लिहायचे आहे, आणि खरे तर याच्यासाठीच हे पत्र इतके लांबले आहे. विक्कात वर्षाचे आठ सण मानतात. ते आठांचे चक्र विसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात जुळवले गेले आणि ते तिथल्या हवामानाचे आहे. फेब्रुवारीच्या आरंभी मेंढ्यांना पान्हा फुटतो, म्हणून तिथे सण येतो. आपल्याकडे त्या वेळी ऊसतोड चालू असते आणि गुऱ्हाळांचा वास गावाच्या वेशीपर्यंत येतो. ते सण मी काही काळ पाळले, पण ते मला परके वाटत राहिले. मग दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ पुन्हा हाती घेतले. (बाबा, १९७५च्या कऱ्हाडच्या संमेलनात अध्यक्षपदावरून त्यांनी आणीबाणीच्या भर काळात जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली, ही हकीकत तुम्ही सांगितली होती, आणि त्यांच्याकडे मी वळले ती त्यामुळेच.) चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यांनी झाडे, पाखरे, आभाळ आणि लोकांच्या रूढी इतक्या बारकाईने पाहिल्या आहेत, की ते वाचल्यावर मला दुसऱ्या पंचांगाची गरज उरली नाही. आषाढात पंचगंगेचे नवे पाणी घागरी भरभरून वाजतगाजत टेंबलाईला नेतात, तो माझ्यासाठी आता वर्षातला सर्वांत मोठा दिवस आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबींचे १९६२ सालचे ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ ही तर गणितज्ञाने पायी हिंडून लिहिलेली गोष्ट आहे. त्यातले मातृदेवतांच्या ठाण्यांवरचे प्रकरण ‘मृच्छकटिका’पासून सुरू होते: चारुदत्त आपल्या मित्राला चव्हाट्यावर जाऊन मातृकांना बली ठेवायला सांगतो. नाटकातल्या त्या एका ओळीचा माग काढत कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर गेले. धनगर-गुराख्यांच्या जुन्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात तिथे शेंदूर लावलेले आयांचे तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड, का असतात, हे त्यांनी शोधले. आई, आपल्या मळ्यातल्या विहिरीच्या काठी साती आसरांचे जे सात दगड आहेत, त्यांना तू हळदकुंकू वाहायचीस तेव्हा मी तुला “हे कशाला?” म्हणून विचारत असे. कोसंबी देवभोळे नव्हते, पक्के मार्क्सवादी होते. तरी त्या दगडांना त्यांनी कधी तुच्छ लेखले नाही.

आणि रा. चिं. ढेरे. ‘लज्जागौरी’ मी करवीर नगर वाचन मंदिरातून आणले आणि परत द्यायची तारीख उलटून गेली तरी ते माझ्या हातून सुटेना. बदामीच्या संग्रहालयात एक मूर्ती आहे: मस्तकाच्या जागी कमळ आणि प्रसूतीच्या आसनात पसरलेले पाय. पुढच्या काळातल्या लोकांना जिच्याकडे पाहायला संकोच वाटला, त्या देवीला ढेऱ्यांनी रेणुका-यल्लम्माशी, भूमीशी आणि वारुळाशी जोडून दाखवले आहे. वारूळ हे भूमीचे गर्भस्थान आहे, म्हणून ते पूजनीय आहे. हे वाचताना मला नागपंचमीला गाणी म्हणत वारुळाला जाणाऱ्या आपल्या गल्लीतल्या बायका आठवल्या आणि ओढ्यावरच्या यल्लम्माची आंबील यात्राही आठवली. इंग्रजी पुस्तकांत ज्या देवीचा पुरावा मी शोधत होते आणि जो तिथे सापडला नाही, तिची पूजा आपल्या घरातली बाई माझ्या डोळ्यांदेखत करत होती.

या महिन्यात मी किरणोत्सवाला गेले होते. नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि पुढे ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळतीची किरणे महाद्वारातून आत येऊन अंबाबाईच्या चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. एक तारीख डिसेंबरात सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवसाच्या साधारण सहा आठवडे आधीची आणि दुसरी तितकीच नंतरची आहे, म्हणजे सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावरच्या एकाच जागी मावळतो. विक्कातले दोन सणही याच सुमारास येतात. त्यावरून दोन्हींचा काही जुना संबंध होता असे मी मुळीच म्हणणार नाही. दोघांनी एकच सूर्य नीट पाहिला, एवढेच मला पुरेसे आहे.

मी प्रत्यक्षात काय करते तेही सांगते. अमावास्येला आणि पौर्णिमेला अंघोळ करून खोलीत रांगोळीचे एक वर्तुळ काढते, चारी दिशांना नमस्कार करते, मधोमध पणती, तांब्याभर पाणी, मूठभर धान्य आणि पंचगंगेच्या काठचा एक दगड ठेवते. अर्धा तास गप्प बसते आणि नंतर वहीत त्या पंधरवड्याविषयी लिहिते: कोणते झाड फुलले, रंकाळ्याचे पाणी कसे दिसले, कोणावर राग धरला आणि तो का धरला. पाश्चात्त्य साधक अशा वहीत मंत्र आणि विधी लिहितात. माझ्या वहीत मंत्र फार थोडे आहेत.

आई, त्या वहीसाठी मला तुझी मदत हवी आहे. साती आसरांना काय वाहायचे आणि काय नाही, वारुळाची गाणी कोणत्या क्रमाने म्हणायची, दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर तू पुटपुटतेस ते शब्द, आणि आजी म्हणायची त्या ओव्या हे सगळे कोणत्याही पुस्तकात तुझ्या तोंडचे म्हणून मिळणार नाही. मी पुढच्या रविवारी गडहिंग्लजला येते आहे. दुपारी जेवणे झाल्यावर तू सांग आणि मी लिहून घेते. जे सांगायचे नसेल ते सांगू नकोस, मी आग्रह धरणार नाही.

बाबा, येताना हटन यांचे पुस्तक तुमच्यासाठी आणते. त्यातला टाइप बारीक आहे, तेव्हा जाड भिंगही बरोबर आणेन. त्यात तुम्हाला जे पटणार नाही त्यावर समासात पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे त्यावर बोलता येईल. ‘लज्जागौरी’ वाचनालयाचे आहे, पण तुमच्यासाठी मी ते पुन्हा नावावर घेतले आहे. गुडघ्यांचे औषध संपत आले असेल तर फोन करून कळवा, तेही येताना घेऊन येईन.

कळावे.

तुमची,
थोरली