काका, तो आठ नव्हता, तीन होता

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

परवा स्वॉन्झीहून, म्हणजे ब्रिटनच्या वाहन नोंदणी कार्यालयाकडून, पाकीट आलं. माझ्या मॉरिस मायनरला तिचा मूळ नोंदणी क्रमांक परत मिळाला. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि फोन काकूंकडे दिलात. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितेय, कारण इथल्या आपल्या माणसांत जुन्या गाड्या बाळगणारे आणखीही आहेत आणि तुम्ही काय केलंत ते त्यांना कळायला हवं.

गाडी घेतली तेव्हा मला तिच्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. १९५५ची, दोन दारांची, पांढरी. नंबर प्लेटवर एसएल ही स्कॉटलंडची अक्षरं, म्हणून ती तिकडून आली असं मी सगळ्यांना सांगत होते. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममध्ये कारखान्यांच्या जुन्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, चेसिस नंबर दिला की तिथले लोक नोंद शोधून दाखला देतात, हे समजल्यावर मी नोंदणीच्या कागदावरचा नंबर पाठवून दिला. उत्तर आलं की या नंबरपुढे चार दारांच्या गाडीची नोंद आहे. त्या रात्री मला झोप लागली नाही. चोरीची असेल का? दोन गाड्या जोडून एक केली असेल का?

गणपतीत कुणीतरी म्हणालं, "काकांना विचार, ते काउलीला मॉरिसच्या कारखान्यात होते." तुम्ही हातातली मोदकाची वाटी खाली ठेवलीत आणि एकच प्रश्न विचारलात, "पट्टी पुसून बघितलीस का?"

गाडीतली चेसिस नंबरची पट्टी मी बघितलीच नव्हती. नुसता कागद बघितला होता.

त्या रविवारी तुम्ही टॉर्च, रॉकेलची बाटली, मऊ चिंध्या आणि शिसपेन्सिल घेऊन आलात. बॉनेटखाली, इंजिनामागच्या पत्र्यावर रिव्हेट मारलेली ती पट्टी रंगाच्या थरांखाली बुजली होती. मी पॉलिश पेपर आणायला निघाले तर तुम्ही हात धरलात. "घासलंस तर आकडाच जाईल." तासभर रॉकेलच्या बोळ्याने पुसत राहिलात. मग पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल फिरवलीत, आपल्याकडे आरटीओत चेसिसचा छाप घेतात तशी. वडिलांच्या स्कूटरचा छाप घ्यायला पुण्यात रांगेत उभे होतात ते सांगत होतात, आणि सांगता सांगता थांबलात. कागदावर आठ उमटलाच नाही. डावीकडून उघडा, स्वच्छ तीन. कागदपत्रं करताना कधीतरी कुणाच्या तरी डोळ्यांनी त्याला आठ केलं होतं.

मग तुम्ही तो नंबर मला वाचून दाखवलात. माझ्यासाठी ती नुसती अक्षरं होती. एफ म्हणजे मायनर. बी म्हणजे दोन दारांची. ई म्हणजे हिरवा रंग. पुढचा एक म्हणजे उजव्या हाताचं स्टिअरिंग, ब्रिटनमध्येच विकायची. तशीच पण निर्यातीची असती तर दोन, उत्तर अमेरिकेसाठी चार, आणि सुटे भाग पेट्यांत भरून भारतासारख्या देशात जोडायला पाठवली असती तर पाच. माझा विश्वास बसेना, म्हणून तुम्ही दाराच्या आतलं अस्तर सोडवून टॉर्च मारलात. आत हिरवा रंग होता, काका. पांढऱ्या गाडीच्या पोटात इतकी वर्षं तो तसाच होता.

एसएलचं कोडंही तुम्हीच सोडवलंत. ती क्लॅकमननशायरची अक्षरं. एवढ्याशा परगण्यात गाड्या थोड्या, म्हणून नंबर शिल्लक राहिले, आणि मूळ नंबर गमावलेल्या जुन्या गाड्यांना वयाला शोभेल असा नंबर म्हणून ते दिले गेले. गाडी स्कॉटलंडला गेलीही नसेल.

इंजिनाचं मात्र जुळलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त तुमचं त्या वेळचं वागणं आठवतं. बरोबर नंबर पाठवून मिळालेल्या दाखल्यात एपीएचएमने सुरू होणारा इंजिन नंबर, मूळ ८०३ सीसीचा. माझ्या इंजिनावर ९एम, म्हणजे १९५६पासून आलेलं ९४८ सीसी. "८०३ला चढावर दम लागायचा, लोकांनी बदललं, त्यात पाप नाही," म्हणालात. एका ओळखीच्याने जुना नंबर ठोकून घ्यायचं सुचवलं होतं. ते ऐकून तुमचा आवाज पहिल्यांदा चढला. गाडीच्या फाइलमध्ये "इंजिन मूळचं नाही" हे माझ्याकडून माझ्याच अक्षरात लिहून घेतलंत. ते पान अजून सगळ्यात वर आहे.

मूळ नोंदणी क्रमांकाचा माग अवघड होता. कारखान्याच्या वहीत तो सहसा नसतो. तो असायचा परगण्याच्या नोंदणी कचेरीत, आणि सगळं काम स्वॉन्झीच्या संगणकावर गेल्यावर त्यातल्या कितीतरी वह्या रद्दीत गेल्या. वाचल्या त्या परगण्यांच्या अभिलेखागारांत किंवा ड्रॉइटविचला, जुन्या वाहनांची कागदपत्रं जपणाऱ्या किटहेड ट्रस्टकडे गेल्या. मी तिकडे अर्ज करायला बसले होते. तुम्ही म्हणालात, आधी माणसांना विचार. तुमच्या सांगण्यावरून आधीच्या मालकाच्या पत्नीला हाताने पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी त्यांनी घडीचं जुनं लॉगबुक, म्हणजे गाडीचं नोंदणीपुस्तक, पाठवलं, कपाटाच्या खणात सापडलेलं. त्यात नोंदणी क्रमांक ऑक्सफर्डचा, अक्षरांच्या शेवटी जेओ. शेजारी चेसिस नंबर, आणि त्यात तीन.

पुढे जुन्या गाड्यांच्या क्लबच्या अधिकृत माणसाकडून गाडीची तपासणी, मूळ नंबर परत मागण्याचा व्ही ७६५ हा अर्ज, वाट बघणं. हा नंबर आता दुसऱ्या गाडीवर नेता येत नाही, विकताही येत नाही. ते मला फार आवडलं.

दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. पेट्रोलचेही पैसे घेतले नाहीत तुम्ही, निदान हा कागद तरी ठेवून घ्या. १९६८ साली तुम्ही काउलीच्या गेटातून पहिल्यांदा आत गेलात तेव्हा मायनर अजून बनत होती. त्या कारखान्याच्या जागी आता ऑफिसं आहेत, आणि तुम्ही तिकडे फिरकत नाही असं काकू म्हणाल्या. जुन्या नंबरच्या पाट्या शुक्रवारी लागतील. रविवारी दहाला मी गाडी घेऊन दारात येते. तुम्ही पुढे बसा, काकू मागे. तुमचं गेट नेमकं कुठे होतं ते मला दाखवा.

आपली कृतज्ञ,
मॉरिसवाली