पाणपक्ष्यांचे मृत्यू आणि ‘बर्ड फ्लू’ची घाई

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एखाद्या जलाशयावर पाणपक्षी मोठ्या संख्येने मरून पडले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘बर्ड फ्लूचा संशय’ हे शब्द ठरल्यासारखे येतात. पुढे प्रयोगशाळेचा अहवाल येतो तेव्हा त्याला आतल्या पानावर चार ओळीही मिळत नाहीत. हा संशय आधी घ्यायलाच हवा, कारण प्रश्न माणसांच्या आणि कोंबड्यांच्याही जिवाचा असतो. परंतु तपास त्या एकाच संशयापाशी घुटमळत राहिला तर पहिल्या एक-दोन दिवसांत हाती लागू शकणारा पुरावा कुजून जातो, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले. भोपाळच्या प्रयोगशाळेत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला नाही. बरेलीच्या भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने निदान केले ते बोटुलिझमचे. हा पक्ष्याकडून पक्ष्याला होणारा संसर्ग नव्हे, ही विषबाधा आहे. त्याचा जिवाणू बीजाणूंच्या रूपात चिखलात वर्षानुवर्षे पडून असतो आणि प्राणवायू नसलेल्या उबदार, सडत्या मांसात वाढून विष तयार करतो. मृत पक्ष्यावरच्या अळ्यांच्या पोटात ते विष जाते, पण अळ्यांना काही होत नाही. त्या अळ्या टिपणारा पक्षी मात्र लुळा पडून मरतो आणि त्याच्याही देहावर अळ्या पडतात. त्यामुळे अशा वेळी मृत पक्षी तातडीने उचलणे ही निव्वळ साफसफाई नसते, साथ तोडण्याचा तोच मुख्य उपाय असतो. पुढे २०२०-२१ च्या हिवाळ्यात हिमाचल प्रदेशातील पोंग जलाशयावर पट्टकादंब हंस मोठ्या संख्येने मेले, तेव्हा मात्र बर्ड फ्लूचाच एच५एन१ हा विषाणू सापडला. काठावरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी दिसले ते एकच: पाण्यात आणि चिखलात पडलेले पक्षी.

फरक कळतो तो जवळून पाहिल्यावर. बोटुलिझम झालेला पक्षी आधी उडेनासा होतो, मग पंखांनी पाणी मारत पुढे सरकतो, शेवटी मान टाकतो आणि पुष्कळदा नाक पाण्याखाली जाऊन बुडून मरतो. शवविच्छेदनात त्याच्या अवयवांवर सांगण्यासारखे काहीच दिसत नाही. पक्ष्यांचा कॉलरा या जिवाणूजन्य रोगात पक्षी इतक्या झटपट मरतो की छातीचे मांस भरलेले असते, पोटात नुकतेच खाल्लेले अन्न असते, यकृतावर टाचणीच्या टोकाएवढे पांढुरके ठिपके असतात आणि हृदयावरच्या चरबीत रक्ताचे बारीक डाग असतात. शिशाची विषबाधा झालेला पक्षी याच्या उलट, दिवसेंदिवस झिजत जातो. छातीचे हाड वर आलेले असते आणि पेषणीत, म्हणजे अन्न दळणाऱ्या जठरात, कधी गिळलेले बंदुकीचे छरेही मिळतात. बर्ड फ्लूमध्ये मान वाकडी होणे, तोल जाणे, एकाच जागी गोल फिरणे अशी लक्षणे दिसतात, पण केवळ त्यांवरून निदान करता येत नाही. म्हणूनच मेलेल्या पन्नास पक्ष्यांपेक्षा आजारी पण अजून जिवंत असलेला एक पक्षी तपासनिसाला अधिक मोलाचा असतो, कारण बोटुलिझमचे विष त्याच्या ताज्या रक्तात सापडण्याची शक्यता सर्वाधिक असते.

नमुन्यांबाबतही हेच. पहिल्याच दिवशी घसा व गुदद्वार यांतील स्राव योग्य द्रवात ठेवून थंड साखळीतून पाठवावा लागतो. शव लवकर पोहोचणार असेल तर ते बर्फात थंड ठेवावे, गोठवू नये, कारण गोठल्याने पेशी फुटतात आणि ऊतींची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी वाया जाते. काठावर उत्साहाने शव उघडून बघणे हे तर साफ टाळावे. ते काम प्रशिक्षित माणसांचे आणि पुरेशा संरक्षक साधनांनिशी करायचे आहे.

याहून अवघड प्रश्न आकड्यांचा आहे. सापडलेली शवे म्हणजे एकूण मृत्यू नव्हेत: काही घारी आणि कोल्हे-कुत्री नेतात, काही लव्हाळ्यात दडून राहतात. शिवाय मेलेले किती हे कळले तरी जिवंत किती होते हे माहीत नसेल तर त्या आकड्याला अर्थ येत नाही. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना, जिच्याकडे अनेक जण हौशी लोकांचा छंद म्हणून पाहतात, ती येथे कामी येते. निरोगी पक्ष्यांचे नमुनेही तितकेच आवश्यक आहेत, कारण बर्ड फ्लूचे कित्येक सौम्य विषाणू बदकांच्या आतड्यात त्यांना आजारी न पाडता वावरत असतात आणि मृत बदकात विषाणू सापडला म्हणजे ते त्यानेच मेले असे सिद्ध होत नाही. सलीम अलींच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घालण्याचा मोठा उपक्रम हाती घेतला, त्यामागेही कर्नाटकात आढळलेल्या, गोचिडांमार्फत पसरणाऱ्या क्यासनूर जंगल रोगाच्या प्रसारात स्थलांतरित पक्ष्यांचा हात आहे का, हाच प्रश्न होता. साथ नसताना केलेले असे काम साथीच्या वेळी उपयोगी पडते. ते साथीत उभे करता येत नाही.

स्थलांतरित पक्ष्यांना सरसकट आरोपी ठरवण्याबद्दलही दोन शब्द. आजच्या एच५एन१ चा पूर्वज १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडाँग प्रांतात मिळाला, तो पाळीव हंसात. चीनमधीलच चिंघाई सरोवरावर वन्य पक्षी त्याने मोठ्या संख्येने मेले ते २००५ मध्ये. वन्य पक्ष्यांनी हा विषाणू पुढे दूरवर नेला हे खरेच आहे, परंतु त्यावर त्यांना मारणे किंवा हुसकावणे हा उपाय नव्हे; त्याने बाधित पक्षी इतर पाणथळींवर पांगतात.

तेव्हा विनंती एवढीच की, संबंधित खात्यांनी प्रत्येक घटनेत पहिला मृत पक्षी कधी दिसला, कोणत्या जातीचे किती मेले, कोणत्या चाचण्या झाल्या आणि त्यांतल्या कोणत्या नकारार्थी आल्या, हे निदानासह जाहीर करावे. ‘बर्ड फ्लू नाही’ एवढेच सांगून फाइल बंद होऊ नये. आणि आपल्या वार्ताहरांनी महिन्याभराने त्याच जलाशयाची पुन्हा चौकशी करून अहवालाची बातमीही मूळ बातमीच्याच पानावर द्यावी.

आपला नम्र,
एक पक्षीनिरीक्षक वाचक