मा. आरोग्यमंत्री साहेब, दिवाळी गेली, नर्सेसचं ट्रेनिंग कुठंय?

मा. आरोग्यमंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला केळीवाला शेतकरी. परवा आमच्या गल्लीतल्या पोरीला साडेसात महिन्यांचं बाळ झालं, दवाखाना तोच सरकारी, आणि पुन्हा तेच, बाळ गार पडलं. मागच्या जानेवारीत माझ्या पोराचं असंच झालं तेव्हा मी लेखी तक्रार दिली होती. उत्तर आलं, दिवाळीच्या आत सगळ्या नर्सेसना बाळाला ऊबेत ठेवायचं ट्रेनिंग देऊ. तो कागद आहे माझ्याजवळ.

माझं पोरगं ३२ आठवड्यांचं, १४०० ग्रॅम. पहाटेची थंडी, खिडकीची काच फुटलेली. ओलं बाळ पुसलंच नाही, तसंच वजनकाट्यावर ठेवलं, मग पातळ फडक्यात गुंडाळून टेबलावर. बाळाला ऊब देणारं मशीन, वॉर्मर, शेजारीच, बंद. आई सांगत होती, "पोऱ्याना पाय थंडा पडी ग्यात," तर सिस्टर म्हणे बारक्या लेकरांचे असतातच. थर्मामीटर लावलंच नाही! १०८ नं जिल्ह्याला नेलं तेव्हा अंगाचं तापमान ३४.२ अंश सेल्सिअस भरलं. ३६.५ च्या खाली जाऊ द्यायचं नसतं हे मला तिथं कळलं. अंगात ऊब करणारी चरबीच कमी असते हो अशा बाळाच्या.

बायको इकडंच ॲडमिट, म्हणून तिथल्या सिस्टरनी माझाच शर्ट काढायला लावला, टोपी-लंगोटावरचं पोरगं छातीला उभं बांधलं, वरून ब्लँकेट. दुपारी तळपाय कोमट लागले तेव्हा मी रडलो. याला किती खर्च आला? कोलंबियात १९७८ पासून करतात हे, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं की जन्मल्याबरोबर सुरू करा.

सिस्टरवर माझा राग नाही. रात्री एकटी बाई, लेबर रूम पण तिचीच अन् वॉर्ड पण तिचाच, आणि आधी पुसा, टोपी घाला, आईच्या छातीवर द्या, अंघोळ नको हे तिला कोणी करून दाखवलं? मशीन घ्यायला पैसा निघतो, फीत कापायला गाड्या येतात, माणूस भरायचा अन् शिकवायचा म्हटलं की फाईल अडते, सगळ्याच खात्यात हेच चाललंय. आम्ही थंडीत केळीच्या घडालासुद्धा बॅग घालतो साहेब.

आमच्याकडं अजून महिनाभर थंडी राहील. ट्रेनिंगची तारीख कळवा, आणि रात्रीला दुसरी सिस्टर द्या. "कार्यवाही सुरू आहे" असलं पत्र आता पाठवू नका.

आपला,
चोपडा तालुक्यातला एक बाप