सेल विकण्याआधी हिशोब मांडणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

पावसाळ्याच्या तोंडावर कांद्याच्या चाळीत बसवलेला सेन्सर अजून त्याच सेलवर चालू आहे. आभार तेव्हा तोंडी मानले होते. पण तुम्ही जे समजावलंत ते असं काही करू पाहणाऱ्या कितीतरी जणांच्या कामाचं आहे, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

आमची चाळ घरामागेच. वायफाय पोचतं, पण वीज ओढलेली नाही. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये भरायचा आणि भाव बघत दिवाळीपर्यंत धरायचा, तर आतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या आसपास हवी. वर गेली की सड, फार उतरली की वजनात घट. ते घरबसल्या कळावं म्हणून ईएसपी८२६६ ही वायफायची चिप आणि एसएचटी३१ हा आर्द्रता मोजणारा सेन्सर घेतला होता. तुमच्या दुकानात मी एवढंच विचारलं, जास्तीत जास्त एमएएचचा, म्हणजे सगळ्यांत मोठ्या साठ्याचा सेल कोणता? तुम्ही सेल काढलाच नाहीत. उलट मलाच विचारलंत, "झोपेत किती खातो, आणि जागा झाला की एकदम किती मागतो?"

माझ्या मते सगळं शिक्षण त्या एका प्रश्नात होतं.

बिलबुकाच्या पाठीवर तुम्ही मांडलेला हिशोब मी जपून ठेवलाय. दर अर्ध्या तासाने जाग, पाच सेकंद काम, सरासरी ८० मिलीअँपिअर. दिवसाला साधारण ५.३ एमएएच. उरलेला सगळा वेळ गाढ झोप, २० मायक्रोअँपिअर, म्हणजे अर्धा एमएएचसुद्धा नाही. एकूण सहाच्या आत. मग तुम्ही ती चिप बसवलेल्या नोडएमसीयू बोर्डवरच्या एएमएस१११७ रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागावर, बोट ठेवलंत. हा नुसता बसून सुमारे ५ मिलीअँपिअर खातो. दिवसाला १२० एमएएच! खऱ्या कामाच्या वीसपट. १५०० एमएएचचा सेल त्याने एकट्याने बारा-तेरा दिवसांत संपवला असता. सेल कितीही मोठा घेतला तरी ही गळती तशीच राहिली असती. म्हणून तुम्ही बोर्ड बाजूला ठेवून त्याच चिपचं, रेग्युलेटर नसलेलं नुसतं ईएसपी-१२एफ मॉड्यूल घ्यायला लावलंत.

मग एकेक सेल तुम्ही समोर ठेवून बाद केलात. सीआर२०३२ या बटणासारख्या सेलवर २२० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते अगदी थेंबाथेंबाने घेतलं तर. वायफाय सुरू होताना क्षणभर ३०० मिलीअँपिअरच्या घरात मागणी जाते, तिथे त्याचा व्होल्टेज कोसळतो आणि चिप रिसेट होते. दोन पेन्सिल सेल नवे असताना ३ व्होल्ट देतात, वापरात उतरत जातात, म्हणजे पोटात अर्धी शक्ती शिल्लक असतानाच आपलं काम थांबतं. ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीतला दोन तृतीयांश भाग रेग्युलेटर गरम करण्यात जातो. लॅपटॉपमध्ये असतो तो लिथियम-आयन १८६५० चांगला, पण भरल्यावर ४.२ व्होल्ट, आणि या चिपला ३.६ च्या वर चालत नाही. त्याला एमसीपी१७०० सारखा, स्वतः दोन मायक्रोअँपिअरही न खाणारा रेग्युलेटर हवा, पण तो देऊ शकतो २५० मिलीअँपिअर. वायफायच्या त्या क्षणाला तोही काठावर.

शेवटी लिथियम आयर्न फॉस्फेट सेल. ३.२ व्होल्टवर जवळजवळ सपाट चालणारा, थेट चिपला जोडता येणारा, मध्ये रेग्युलेटरच नाही. चिपच्या पिनांजवळ थोडी वीज साठवून ठेवणारा ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायचा, म्हणजे अचानकची मागणी तो सोसतो. १५०० एमएएचमधला तिसरा हिस्सा सोडून दिला तरी साडेपाच महिने निघतात, हे तुम्ही तोंडी करून दाखवलंत. चार्जरबद्दलची ताकीद तर चारचौघांत सांगण्यासारखी आहे: टीपी४०५६ चा स्वस्त चार्जर ४.२ व्होल्टपर्यंत भरतो, तो या सेलला लावायचा नाही. ३.६ ला थांबणाराच घ्यायचा, आणि भरल्या भरल्या न जोडता सेल थोडा वेळ तसाच ठेवायचा.

बाबांचा विरोध वेगळ्याच कारणासाठी होता. चाळीत बांबू, वर पाचट, मे महिन्यातलं ऊन. त्यात लिथियम ठेवायला ते तयार नव्हते. तुम्ही त्यांना चहा पाजून शांतपणे सांगितलंत की फॉस्फेटचा सेल उष्णतेला इतर लिथियम सेलांपेक्षा बराच स्थिर असतो, आणि तरीही डबी कुडापासून लांब, खांबावर लावायला सांगितलंत. भीती हसण्यावारी नेली नाहीत, याचे आभार मला सगळ्यांत जास्त मानायचे आहेत.

एक अडचण मात्र उरते. व्होल्टेज सपाट असल्याने सेलमध्ये किती शिल्लक आहे ते त्यावरून ओळखता येत नाही. म्हणून मी आता किती वेळा जाग आली ते मोजून अंदाज ठेवतेय. विहिरीकडच्या चाळीला वायफाय पोचत नाही, तिथे लोरा, म्हणजे लांबवर पोचणारा कमी विजेचा रेडिओ, लावायचा विचार आहे. त्याची झोपेतली आणि जागेपणीची मागणी दोन्ही लिहून काढलीय. पुढच्या बाजाराच्या दिवशी कागद घेऊन येते, तुमचा मल्टिमीटरही तेव्हाच परत करते.

तुमची,
कांदेवाल्यांची मुलगी