स्वामीजींच्या आधीचे हेडमास्तर

अंबाजोगाई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

17 सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, भाषणाचा तुझा कच्चा खर्डा वाचला. स्वामी रामानंद तीर्थ त्यात एकदम निजामाविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहातच उगवतात. मग हेडमास्तर व्यंकटेश भगवानराव खेडगीकर, म्हणजे संन्यासाआधीचे स्वामीजी, कुठं गेले रे? ती आठ-नऊ वर्षं गाळलीस तर पुढचं सगळं अधांतरी राहतं.

जन्म 3 ऑक्टोबर 1903, सिंदगीचा, विजापूरकडचा. पुण्याचं टिळक विद्यापीठ, मग कामगार पुढारी ना. म. जोशींकडं काम, हे दोन ओळींत उरक. खरा मजकूर 1929 पासून. त्या साली ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेचे मुख्याध्यापक झाले. शाळा 1921 ची, गाव आजच्या लोहारा तालुक्यातलं. निजामाच्या हैदराबाद संस्थानात तेव्हा वरचं शिक्षण उर्दूतून; उस्मानिया विद्यापीठसुद्धा 1918 पासून उर्दूच. घरी मराठी बोलणाऱ्या पोरानं भूमिती परक्या भाषेत घोकायची. खासगी शाळा काढायची तर सरकारी परवानगी, आणि 1929 च्या गश्ती निशाण 53 या सरकारी परिपत्रकानं सभेलाही आधी मंजुरी लागू लागली. सभेला मंजुरी मिळो न मिळो, वर्ग रोज भरायचा. खेड्यातल्या हेडमास्तरचं वजन त्यात होतं. तुझ्या खर्ड्यात नेमकं हेच नाही.

संन्यास त्यांनी शाळा सोडून घेतला नाही, शिकवत असतानाच घेतला. म्हणून जुने कागद चाळताना दोन्ही नावं बघ. 1935 ला ते आणि त्यांचे सहकारी बाबासाहेब परांजपे इथं योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. कागदावर अंबाजोगाई शोधत बसू नकोस, तेव्हा गावाचं सरकारी नाव मोमिनाबाद होतं.

आता तारखा. संस्थानी कागदांवर फसली साल, म्हणजे निजामाच्या राज्याची सरकारी कालगणना, असतं; त्याचं इसवी साल करताना तू सरसकट 590 मिळवलेत, तिथं घोळ झालाय. संस्थानाचं फसली साल ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यानं लागायचं. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना 590 मिळव (बहमनचे अखेरचे काही दिवस मात्र जानेवारीत जायचे, त्यांना 591), पुढच्या नऊ महिन्यांना 591. पोलीस ॲक्शन, म्हणजे सप्टेंबर 1948 ची भारतीय फौजेची संस्थानावरची कारवाई, फसली 1357 मधली. 590 धरलेस तर 1947 येतं, म्हणजे सगळंच मुसळ केरात! आधी महिना वाच, मग बेरीज कर.

शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर (मुलांच्या येण्या-जाण्याची नोंदवही) उर्दूत असेल तर आकडे जपून. उर्दू पाच आपल्याला शून्यासारखा दिसतो, आणि उर्दू शून्य म्हणजे नुसता ठिपका. शाई उडाली की तो जातोच. मग 1340 चं 134 होतं. शेजारच्या दोन नोंदी बघितल्याशिवाय साल उतरवून घेऊ नकोस. आणि हो, कागद उर्दूत आहे म्हणून आकडेही उर्दूच असतील असं धरून चालू नकोस.

दुरुस्त खर्डा पाठव. तारखा पुन्हा ताडून देतो.

तुझाच,
मित्र