घासानंतर कुठलं वाक्य आहे?

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘ताई’. पत्र मात्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे. जेवणाचा प्रवेश असलेलं नाटक हातात पडलेल्या आणि प्रॉपर्टी, म्हणजे मंचावर लागणाऱ्या वस्तू, सांभाळणाऱ्या प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटेलच असं नाही. तुम्ही मला दिलेलं थोडंफार त्यांच्यापर्यंतही जावं.

मी तुमच्याकडे आले ती एका माशासाठी. दुसऱ्या अंकात अख्खा शिजवलेला मासा टेबलावर येतो, वाढला जातो आणि वडिलांचं काम करणारा नट तो खाता खाता मुलाला घराबाहेर काढतो. मला कृती हवी होती, तुम्ही संहिता मागितलीत. ‘घासानंतर कुठलं वाक्य आहे?’ हा तुमचा पहिला प्रश्न. मासा त्यानंतर खूप उशिरा निघाला.

त्या दुपारी तुम्ही पेन्सिलीने संहितेत ज्या खुणा केल्यात, त्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. घास कुठे उचलायचा, कुठे चावायचा, कुठे गिळून मोकळं व्हायचं आणि कुठे नुसता काटा तोंडापर्यंत नेऊन परत ठेवायचा. रागाच्या लांब वाक्याआधी घास नाही. ‘फ’ आणि ‘स’ने भरलेल्या ओळीआधी तर मुळीच नाही, कारण तोंडातला कण समोरच्या नटाच्या कोटावर जातो आणि पहिल्या रांगेला तो दिसतो. टेबलावर सहा माणसं असली तरी खरं खाणारा एकच पुरे, बाकीच्यांनी कापावं, सारावं, पेला उचलावा, हेही तुमचंच. प्रेक्षक बोलणाऱ्याकडे बघतो, इतरांच्या ताटातलं किती संपलं याचा हिशेब तो ठेवत नाही. दिग्दर्शकाला हे पटायला वेळ लागला, पण एकदा पटल्यावर त्याने जेवणाच्या हालचाली संवादांसारख्याच बसवल्या.

घबराटीने तोंडाला कोरड पडते हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्या कोरड्या तोंडात बिस्किटाचं काय होतं, याचा विचार मात्र कुणी करत नाही. भुगा होतो, टाळ्याला चिकटतो आणि वाक्याच्या मध्येच ठसका लागतो. म्हणून तुमची यादी इतकी छोटी: पिकलं केळं, उकडलेला बटाटा, कड काढलेला मऊ ब्रेड, पिकलेलं खरबूज. दोनदा चावलं की खाली उतरणाऱ्या वस्तू. त्यांना रंग आणि आकार देऊन बाकी सगळं सोंग उभं करायचं.

मासाही तसाच झाला. डोकं, शेपूट आणि खालची बाजू कागदाच्या लगद्याची, रंगवून, पूर्ण वाळवून पक्की केलेली. वरच्या भागात एक खळगा आणि त्यात नेमकी बसणारी धुता येणारी छोटी तबकडी. खायचा भाग फक्त तबकडीत, म्हणजे रंगाचा आणि अन्नाचा कुठेही स्पर्श नाही. त्यात लाटण्याने पातळ केलेले पांढऱ्या ब्रेडचे थर आणि मध्ये सैलसर कुस्करलेला बटाटा. काटा लावला की थर सुटतात आणि लांबून ते अगदी शिजलेल्या माशासारखे उलगडतात. वरून जळक्या साखरेच्या पाण्याचा हात आणि तेलाचं बोट. ते तेलाचं बोट नसतं तर सगळा खटाटोप वाया गेला असता, असं आता वाटतं. शेवटच्या रांगेला कल्ले दिसत नाहीत, खवले दिसत नाहीत. दिसते ती बाह्यरेषा, चकाकी आणि खाणाऱ्याचा चेहरा.

फोटोसाठी जेवण सजवणाऱ्यांच्या युक्त्या मी उत्साहाने सांगायला लागले, तेव्हा तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. दुधाऐवजी गोंद, पाकाऐवजी यंत्राचं तेल, वाफेसाठी भलतंसलतं. कॅमेऱ्यासमोर ते चालतं, कारण ते कुणी खात नाही. मंचावर अंधार असतो, घाई असते, नट तहानलेला असतो आणि जे समोर दिसेल ते तोंडात घालतो. कोरड्या बर्फाबद्दल तर तुम्ही जवळजवळ ओरडलातच. उणे ७८ अंशांची वस्तू पेल्यात टाकायची म्हणजे धूर छान आणि ओठ-जीभ भाजलेली.

पेयांमध्ये मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. व्हिस्कीसाठी कोरा चहा हा सगळीकडचा उपाय. पण चहातल्या टॅनिन या तुरट द्रव्याने तोंड आणखी कोरडं पडतं, म्हणून तुम्ही पाण्यात जळक्या साखरेचे थेंब घालायला लावलेत. रंग तोच, आणि साखर इतकी थोडी की घसा चिकट होत नाही. लाल वाइनसाठी डाळिंबाचा रस भरपूर पाणी घालून, तोही आधी पोशाखाच्या आतल्या शिवणीवर टाकून आणि धुऊन बघायचा. फसफसणारं काहीही नको, ढेकर कुणाचं वाक्य बघून येत नाही. दुधाने कफ वाढतो या समजावर तुमचं उत्तर मला आवडलं: कफ वाढत नाही, पण दूध लाळेत मिसळून दाट होतं आणि घशावर थर बसल्यासारखं वाटतं. गाणाऱ्या नटाला तेवढंही पुरतं, म्हणून त्याच्या पेल्यात दूध नाही.

आता जेलीबद्दल. शेवटच्या प्रवेशातली थरथरती लाल जेली जिलेटिनची केली तर दिव्यांखाली बसते, कारण जिलेटिन साधारण ३५ अंशांपर्यंत वितळतं. त्याऐवजी आगर घ्यायचं; ते एकदा गोठलं की ८५ अंशांच्या आसपास जाईपर्यंत हलत नाही, शिवाय ते समुद्री शेवाळापासून होतं, त्यामुळे शाकाहारी नटालाही चालतं. ‘पण आगर तोंडात विरघळत नाही, तुकडे होतात,’ हे तुम्ही लगेच जोडलंत. म्हणून शोभेची जेली आगराची घट्ट आणि नटाच्या वाटीतली त्याच आगराची, पण सैल. लांबून फरक कळत नाही. आणि एवढं करून प्रकाशयोजनाकाराने तिच्यावर लाल दिवा टाकला! लाल प्रकाशात लाल वस्तू आणि पांढरी वस्तू जवळजवळ सारखीच दिसते, त्यामुळे पांढऱ्या बशीत जेली गायबच झाली. अन्न नेहमी प्रयोगाच्याच दिव्यात बघ, असं तुम्ही सांगितलं होतंत, म्हणून हे रंगीत तालमीतच लक्षात आलं. काळी बशी आली, प्रश्न मिटला. निळ्या दिव्यात भाजलेल्या मांसाचा तुकडा कोळसा वाटतो, हेही त्याच दिवशी बघून घेतलं.

आवाजाचं तुम्ही ओझरतं बोललात, पण उपयोग मोठा झाला. प्लॅस्टिकची ताटली दिसायला चिनीमातीची असली तरी काटा लागला की खोटं उघडं पडतं. सफरचंदाचा कुरकुरीत चावा शांत क्षणी आला तर टाळी घेतो, आणि दुसऱ्याच्या वाक्यावर आला तर ते वाक्य जातं.

स्वच्छतेच्या बाबतीत तुम्ही कडक होतात, आणि त्यासाठी वेगळे आभार. शिजवलेलं किंवा ओलसर अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. विंगेतलं टेबल नेमकं त्याच तापमानात असतं. दोन प्रयोगांच्या दिवशी दुपारचं उरलेलं संध्याकाळी मंचावर जात नाही, कितीही चांगलं दिसलं तरी. कुणाला शेंगदाणे, दूध, अंडं, गहू किंवा सोया चालत नाही, हे पहिल्या तालमीआधी एकेकट्याला विचारायचं. चारचौघांत माणूस ‘काही नाही’ म्हणून मोकळा होतो. रंगाच्या ब्रशांचं टेबल वेगळं आणि अन्नाचं वेगळं. प्रत्येक डब्यावर पात्राचं नाव लिहू नकोस, नटाचं लिही, कारण ऐनवेळी बदली नट उभा राहतो आणि त्याचं पथ्य वेगळं असतं. हे वाक्य मी आमच्या डब्यांच्या खोक्यावर चिकटवलं आहे.

मध्येच एकदा मी विचारलं होतं, एवढं खोटं करण्यापेक्षा खरंच का आणू नये? तेव्हा तुम्ही फ्रेंच दिग्दर्शक आंद्रे आंत्वान यांची गोष्ट काढलीत. १८८८ साली पॅरिसमध्ये त्यांनी खाटकाच्या दुकानाच्या दृश्यासाठी मंचावर खरं मांस टांगलं आणि त्याची चर्चा आजवर चालू आहे. ‘पण ते कुणाला खायचं नव्हतं ना,’ असं म्हणून तुम्ही जे हसलात! मी त्या दिग्दर्शकाच्या बाजूने थोडी आहे, खऱ्या वस्तूचा दबदबा वेगळाच असतो. तरी आमच्या वडिलांना मासा खाऊन लगेच पानभर बोलायचं आहे, त्यामुळे आमच्याकडे बटाटाच.

त्या वडिलांनीही तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. एकाही प्रयोगात ठसका लागला नाही, याचं श्रेय ते तुम्हाला देतात. तक्रारही आहे: प्रत्येक प्रयोगाला तोच अळणी बटाटा खाऊन ते कंटाळले आहेत. मीठ वाढवलं तर तहान लागेल, म्हणून मी नाही म्हटलं. वाफवलेलं पेअर चालेल का? ते थरांत कापता येईल आणि गिळायलाही सोपं वाटतं. काळं पडू नये म्हणून लिंबू लावीन म्हणते, पण आंबटपणाने त्यांच्या आवाजावर काही परिणाम होईल का, तेवढं कळवा. संहितेचं ते पान सोबत जोडते आहे.

तुमची,
माशाची मागणी घेऊन आलेली प्रॉपर्टीवाली